पंधरा दिवसांत होऊन जाईल

रात्री शेवटचा कॉल संपला की मी फोनवर पडकी घरं बघते. दक्षिण फ्रान्समधली. एक जोडपं असतं, तिशी-पस्तिशीचं. त्यांच्या मागे छप्पर बसलेलं दगडी घर असतं आणि नव्वद सेकंदांत ते राहण्याजोगं होतं. जुना गिलावा आपोआप पडतो, नवा आपोआप चढतो, फरशी स्वतःच स्वतःला बसवून घेते. शेवटी निळसर खिडक्या, लव्हेंडर, झाडाखाली लांब टेबल, त्यावर वाइन. असे कितीतरी व्हिडिओ मी सेव्ह करून ठेवले आहेत. घर घेण्याइतके पैसे माझ्याकडे पुण्यातसुद्धा नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट फ्रेंच आहे. तिकडच्या मॅनेजरचं दक्षिणेत असंच एक जुनं घर आहे, उन्हाळ्यात तो महिनाभर तिथे जातो. मागच्या वर्षी आमचा एक रिलीज दोनदा पुढे गेला. कॉलवर मी म्हणाले, आणखी दोन आठवड्यांत होईल. तो हसून म्हणाला, तू अगदी माझ्या गवंड्यासारखी बोलतेस. कॉलवरचे सगळे हसले. मीही हसले. मग त्याने चॅटवर एका पुस्तकाचं नाव पाठवलं: ‘अ इयर इन प्रोव्हान्स’. यात माझे सगळे कारागीर आहेत, वाच, म्हणाला.

मी खरोखरच गवंड्याची मुलगी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

पुस्तक मी दोन रात्रींत संपवलं. नंतर पुन्हा वाचलं. पहिल्यांदा हसत आणि दुसऱ्यांदा हिशेब करत. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाबद्दल आहे.

पीटर मेल हा इंग्रज माणूस, जन्म १९३९चा. लंडन आणि न्यूयॉर्कच्या जाहिरात क्षेत्रात त्याने बरीच वर्षं काढली. ते सोडून तो लेखनाकडे वळला आणि ऐंशीच्या दशकात बायकोबरोबर प्रोव्हान्समधल्या ल्युबेरॉन डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेला. मेनेर्ब आणि बोनिय या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर दोनशे वर्षांचं एक दगडी शेतघर त्यांनी घेतलं. अशा घराला तिकडे ‘मास’ म्हणतात. जायचं कादंबरी लिहायला असं ठरलं होतं. प्रत्यक्षात पाइप फुटले, भिंती फोडाव्या लागल्या, गवंडी आले आणि गेले, आणि कादंबरी राहिली ती राहिलीच. तिच्याऐवजी घराच्या दुरुस्तीच्या वर्षाचं हे पुस्तक झालं. बारा महिने, बारा प्रकरणं. १९८९ साली ते आलं आणि प्रचंड खपलं. १९९३ साली बीबीसीने त्यावर मालिका केली. वाचक पत्ता शोधत दारात येऊ लागले. शेवटी मेल काही वर्षं अमेरिकेत जाऊन राहिला आणि नंतर त्याच भागातल्या लूरमारॅं गावाजवळ परतला. २०१८ साली तो वारला.

आज आपण फोनवर बघतो त्या सगळ्या ‘जुनं घर घेतलं’ व्हिडिओंचं आजोळ हे पुस्तक आहे. ‘अंडर द टस्कन सन’ (१९९६) हे इटलीतलं भावंडही त्याच्यानंतरचं. त्यामुळे या प्रकाराबद्दल काही म्हणायचं तर सुरुवात मेलपासूनच करावी लागते.

पुस्तकाची जान कारागिरांमध्ये आहे. मेनिकुची नावाचा प्लंबर आहे. तो नुसते पाइप जोडत नाही, थंडी का वाढली याबद्दल पृथ्वीच्या आकारापर्यंत पोचणारा सिद्धांत मांडतो. दिदिए नावाचा गवंडी आहे. फेब्रुवारीत येऊन तो स्वयंपाकघराची भिंत फोडतो, आठवडाभर घराचं रणांगण करतो आणि मग सगळी मंडळी गायब होतात. मालक-मालकीण धुळीत बसून जेवतात. तारीख विचारली की उत्तर मिळतं, पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांचा खरा अर्थ काय, हातवारे कसे वाचायचे, ‘नोर्मालमाँ’ म्हणजे ‘एरवी, सगळं नीट असेल तर’ या एका शब्दात माणूस कशी पळवाट ठेवतो, याचा मेल जवळजवळ शब्दकोशच करतो. हे लेखन फार मजेदार आहे. त्याला कान आहे. आणि तो बराचसा स्वतःवरही हसतो. कपडे शहरी, भाषा अर्धी, भूक मात्र गावकऱ्याची, असं स्वतःचं चित्र त्याने काढलं आहे.

‘पंधरा दिवस’ मला मात्र मुळीच परकं वाटलं नाही. इंग्रजीत दोन आठवडे म्हणजे चौदा रात्री. फ्रेंच माणूस त्यालाच पंधरा दिवस म्हणतो आणि आपणही पंधरवडा म्हणतो. आमच्या ऑफिसात त्याला स्प्रिंट म्हणतात. कराडला आमच्या घरी हा शब्द फोनवर रोज ऐकू यायचा. आप्पा छोटी कामं उक्ती घ्यायचे. एखादी खोली वाढवणं, संडास-बाथरूम, कंपाउंडची भिंत. एका वेळी तीन-चार ठिकाणी काम चालू. फोन वाजला की आप्पा म्हणायचे, “पंधरा दिवसांत होऊन जाईल साहेब.” आणि काही फोन मी घ्यायचे. “आप्पा घरी नाहीत.” आप्पा समोर चहा पीत असायचे. सातवी-आठवीत असेन मी. खोटं बोलायला मला घरीच शिकवलं, असं मी पुढे कॉलेजात गमतीने सांगायचे.

पण आप्पा खोटं का बोलायचे हेही मला माहीत होतं. एका साहेबांचा हप्ता आल्याशिवाय दुसऱ्याच्या सिमेंटचे पैसे देता यायचे नाहीत. बिगारी लग्नाला गेला की परत येईल तेव्हा खरा. प्लंबरने पाइप टाकल्याशिवाय गिलावा करता येत नाही, आणि प्लंबरचाही असाच एक फोन त्याच्या घरी वाजत असतो. ‘उद्या येतो’ म्हटल्याने साहेब एक दिवस शांत होतात, तेवढ्या दिवसात कुठूनतरी काहीतरी जमतं.

म्हणून मेलचं पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना मी फोनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिथून वेगळं दिसतं.

पहिली गोष्ट थंडीची. पुस्तकात जानेवारीत मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि पाइप गोठून फुटतात. त्या भागातली जुनी घरं याच वाऱ्याच्या धाकाने बांधलेली आहेत. उत्तरेच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नसतातच, घराचं तोंड दक्षिणेकडे. भिंती ओबडधोबड दगडाच्या, जाड, आणि जोडलेल्या चुन्यात. चुन्याचं काम संथ असतं. तो हवेशी बोलत बोलत हळूहळू घट्ट होतो. पारा पाच अंशांच्या खाली असताना जाणता माणूस चुन्याला हात लावत नाही, कारण ओल्या गिलाव्यातलं पाणी गोठलं की सगळा थर सुटून येतो. सिमेंट लावलं तर काम लवकर उरकेल. पण चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडत असते आणि सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग काही वर्षांत रंग फुगतो, दगड झडू लागतो. म्हणजे हिवाळ्यात ‘बघू, हवा सुधारली की येतो’ म्हणणारा गवंडी आळशी असेल, किंवा तोच एकटा शहाणा असेल. मालकाला दोघांतला फरक कळत नाही. वाचकालाही कळावा अशी सोय मेलने केलेली नाही.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. ल्युबेरॉनमध्ये बाहेरच्यांची, सुटीपुरती वापरायची घरं खूप. प्रत्येकाला घर उन्हाळ्याआधी तयार हवं. ऑगस्टमध्ये फ्रान्समधलं बांधकाम बहुतेक बंदच असतं, कारागीरही सुटीवर जातात. म्हणजे थंडी संपल्यापासून जूनअखेरपर्यंतचे चार महिने, आणि त्या चार महिन्यांसाठी भांडणारे सगळे साहेब. यात एकाच गवंड्याने चार ठिकाणी भिंत फोडून ठेवली नाही तरच नवल. भिंत फोडलेली असली की मालक दुसऱ्याकडे जात नाही. आमच्याकडेही काम धरून ठेवायला पाया खणून ठेवतात. आणि खरं सांगायचं तर आमच्या कंपनीतही तीन क्लायंटना एकच टीम दाखवलेली असते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती पुस्तकाच्या विनोदात बसत नाही. फ्रान्समध्ये जानेवारी १९७८च्या कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी टाकली आहे. इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल किंवा ती राहण्यालायक उरणार नाही असा दोष निघाला, तर काम स्वीकारल्यापासून दहा वर्षं ते काम करणारा बांधील असतो, आणि त्यासाठी त्याला विमा घ्यावाच लागतो. मोठ्या दुरुस्तीलाही हे लागू आहे. मेलने घर दुरुस्त केलं तेव्हा हा कायदा होता. म्हणजे ज्या माणसाच्या बेफिकिरीवर आपण हसतो, तो कायद्याने पुढची दहा वर्षं त्या भिंतीला बांधलेला आहे. मी लिहिलेल्या कोडची दहा वर्षं हमी द्या असं कुणी म्हणालं तर मी त्याच दिवशी राजीनामा देईन. ‘नोर्मालमाँ’ हा शब्द दहा वर्षं जबाबदार असलेल्या माणसाच्या तोंडून आला की तो मला पळवाट वाटत नाही. आप्पाही ‘देवाच्या कृपेने’ म्हणायचे. स्लॅब टाकून झाल्यावर.

हे सगळं मेलला ठाऊक नव्हतं असं मला म्हणायचं नाही. जाहिरातीतला माणूस डेडलाइन ओळखतो. पण त्याच्या विनोदाची जागा ठरलेली आहे. उशीर मालकाच्या खिडकीतून दिसतो. कारागीर रस्त्यावरून येताना दिसतो आणि जाताना दिसतो, त्याचा दिवस आपल्याला कधीच दिसत नाही. आणि उशीर विनोदी राहू शकतो याचं एक साधं कारण आहे: उशिराने मालकाचं पोट अडत नाही. त्याची कमाई या गावातून येतच नाही. उलट जितका उशीर तितकं पुस्तकाला साहित्य.

या घराच्या आधी तिथे काय होतं, हाही प्रश्न आहे. इतकी सुंदर दगडी घरं रिकामी पडली कशी? व्हिडिओत घर जणू डोंगरातून उगवलेलं असतं. प्रत्यक्षात त्या रिकामेपणाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने दक्षिण फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. रेशमाचा धंदा बसला. पहिल्या महायुद्धात गावोगावची तरुण माणसं गेली, प्रत्येक गावात त्यांच्या नावांची शिळा आहे. फेब्रुवारी १९५६च्या कडाक्यात ऑलिव्हची झाडं जळून गेली. दरम्यान लोक उंच टेकडीवरून खाली, पाण्याजवळ आणि रस्त्याजवळ, किंवा सरळ शहरात निघून गेले. मेनेर्बजवळचं ओपेद-ल-व्हियो हे टेकडीवरचं गाव असंच जवळजवळ ओस पडलं.

याच भागाबद्दल आणखी एक पुस्तक आहे, ते कुणी सुटीत वाचायला सुचवत नाही. लॉरेन्स वायली हा अमेरिकन प्राध्यापक १९५०-५१ साली बायकोमुलांसह रुसियॉं या गावात वर्षभर राहिला. मेलच्या घरापासून हे गाव दरीपलीकडे, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत. गेरूच्या लाल डोंगरावरचं. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल बेकेट इथेच लपला होता आणि शेतांवर काम करत होता. वायलीने गावाचं नाव बदलून ‘व्हिलेज इन द व्होक्लूज’ (१९५७) लिहिलं. त्यातला एक शेतकरी जर्दाळूची बाग लावायला तयार नाही. उद्या पुन्हा युद्ध झालं तर त्या बागेचं रणांगण होईल, मग लावायची कशाला, असं त्याचं म्हणणं. झाड लावणं म्हणजे पुढच्या दहा-वीस वर्षांवर विश्वास ठेवणं. तो त्यांच्याकडे उरला नव्हता. चाळीस वर्षांनी त्याच दरीत येऊन विश्वासाने झाडं लावणारा माणूस बाहेरून आला होता. मेल आणि वायली ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की पहिल्यातल्या उन्हाला सावली पडते.

बाहेरून आलेल्यांत मेल पहिला नव्हताच. नोबेल मिळाल्यावर, १९५८ साली, आल्बेर काम्यूने त्याच पैशातून लूरमारॅंमध्ये घर घेतलं. त्याची आई अल्जिअर्समध्ये लोकांच्या घरी धुण्याभांड्याची कामं करायची, तिला वाचता येत नव्हतं. दीड वर्षही तो त्या घराचा नीट मालक राहिला नाही. जानेवारी १९६०मध्ये मोटार अपघातात गेला आणि त्याच गावात पुरला गेला. काम्यूचं इथे नाव घेण्याचं कारण माझ्यापुरतं आहे. पडक्या घराचं स्वप्न म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणून हा लेख मला संपवता येत नाही. काम करणाऱ्या बाईच्या मुलालाही दगडी घर हवंसं वाटलं होतं. मलाही वाटतं. प्रश्न हवंसं वाटण्याचा नाही, ते सांगताना आपण कुणाला गाळतो याचा आहे.

विकणाऱ्यालाही आपण गाळतो. फ्रान्समध्ये मुलांना वारशातून सरसकट बेदखल करता येत नाही. त्यामुळे म्हातारा गेला की घर भावंडांच्या सामाईक मालकीचं होतं, आणि एकाने सही अडवली की वर्षानुवर्षं कुलूप. सातबारावर सोळा नावं असलेल्या कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. मग नोतेर नावाचा सरकारमान्य कायदेअधिकारी येतो, खरेदीचा आधी करार होतो, घर घेणाऱ्याला मन बदलायला दहा दिवस मिळतात. शेतजमीन असेल तर १९६०च्या कायद्याने उभ्या केलेल्या एका संस्थेला आधी कळवावं लागतं. शेतकऱ्याच्या हातात जमीन राहावी म्हणून ती स्वतः विकत घेण्याचा हक्क त्या संस्थेला आहे. व्हिडिओत यातलं काही नसतं. चावी असते, मोठी, लोखंडी, गंजलेली.

मेलच्या पुस्तकात निदान फोस्तँ आहे. घराबरोबर आलेला द्राक्षमळा तो कसतो. नव्या वेली मालकाने आणून द्यायच्या, राबायचं फोस्तँने, पिकाचे दोन वाटे त्याचे, एक मालकाचा. फ्रेंचमध्ये याला मेतेयाज म्हणतात, आपल्याकडे वाट्याने जमीन करणं. मेल हे सांगतो, प्रेमाने सांगतो, आणि पुढच्या जेवणाकडे वळतो. काल विमानाने आलेला माणूस आज जमीनमालक झाला आणि पिढ्यांपासून इथे राबणारा त्याचा वाटेकरी, हे वाक्य पुस्तकात कुठेतरी थांबायला हवं होतं.

ते थांबतं मार्सेल पान्योलकडे. ‘जाँ द फ्लोरेत’ आणि ‘मानों दे सूर्स’ या त्याच्या दोन भागांच्या कादंबरीवर १९८६ साली क्लोद बेरीने दोन चित्रपट केले, ते तुम्हाला कुठेतरी सापडतील, बघा. (पुढे गोष्ट फुटणार आहे.) शहरातला एक कर वसूल करणारा कारकून, पाठीला कुबड असलेला जाँ, आईकडून वारशाने मिळालेल्या डोंगरातल्या जुन्या घरी बायको आणि छोट्या मुलीला घेऊन राहायला येतो. हातात पुस्तकं, पावसाची आकडेवारी, सशांच्या पैदाशीचं गणित. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. हा आपल्यातला आहे. याच्याकडे एक्सेल शीट आहे. शेजारच्या पापे आणि उगोलँ या काका-पुतण्यांना ती जमीन फुलशेतीसाठी स्वस्तात हवी आहे. म्हणून जाँ येण्याआधीच त्यांनी तिथला झरा बुजवून टाकला आहे. गावाला संशय आहे, काहींना तर माहीतच आहे. कुणी बोलत नाही. जाँ मैलभरावरून पाणी वाहून आणतो आणि शेवटी विहीर खणताना सुरुंगाच्या स्फोटात मरतो.

मेलच्या गावात सगळे भरभरून बोलतात. पान्योलच्या गावात सगळे गप्प आहेत. पान्योल तिथलाच, १८९५ साली ओबान्यमध्ये जन्मलेला, म्हणून त्याला ही शांतता ऐकू येते. बाहेरच्या माणसाला गाव जे सांगतं त्याचं मेलने पुस्तक केलं. गाव जे सांगत नाही ते पान्योलने लिहिलं. तरी पान्योलला मी मेलच्या डोक्यावर बसवणार नाही. त्याच्या गोष्टीत शोकांतिका होते कारण जाँ गरीब आहे, त्याला पाणी मिळालं नाही तर तो मरतो. मेलचे पाइप फुटतात तेव्हा तो प्लंबरला बोलावतो. दोन्ही खरं आहे. एकाच प्रदेशात, पैसे असण्या-नसण्याने गोष्टीचा प्रकार बदलतो.

आता पुस्तकाच्या शेवटाकडे. डिसेंबर आला, काम अर्धवट. मेलच्या बायकोला युक्ती सुचते. सगळ्या कारागिरांना नाताळआधी पार्टीचं आमंत्रण द्यायचं, काम पूर्ण झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ, आणि बायकांसकट. नवऱ्याने अर्धवट टाकलेल्या घरात पाहुणी म्हणून जायला कुठली बायको तयार होईल? युक्ती लागू पडते. वर्षभर न आलेली माणसं रांगेने येतात आणि काम संपतं.

पहिल्यांदा वाचताना मी मोठ्याने हसले. दुसऱ्यांदा मला आमच्या घरातली कपाटाची वरची फळी आठवली. वास्तुशांतीला गवंड्याला टॉवेल-टोपी देतात. आप्पांकडे त्यांचा ढीग आहे, काही अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. आई आणि मीही जायचो, नव्या घरात, नव्या फरशीवर चप्पल काढून. पंगत बहुतेक शेवटची. साहेब सगळ्यांसमोर आप्पांच्या खांद्यावर हात ठेवायचे. आप्पा खूश असायचे, खरोखर. आणि रिक्षात बसल्यावर आई हळूच विचारायची, “शेवटचं बिल दिलं का?”

म्हणून ही युक्ती मला निखळ गोड वाटत नाही. माणसाच्या अभिमानाला हात घालून काम काढून घेणं म्हणजे काय, हे मी रोज आमच्या स्टेटस कॉलवर बघते. पण त्याच प्रसंगात आणखीही काहीतरी आहे. वर्षभर मालकाने ज्यांच्यावर विनोद केले, ते शेवटी पाहुणे म्हणून घरात आहेत, बायकांसकट, नावांसकट. मेलला त्यांची नावं माहीत आहेत. कोण कसा हसतो, कुणाला काय खायला आवडतं, माहीत आहे. त्याने त्यांना वेळ दिला आहे, पानं दिली आहेत, बोलू दिलं आहे.

आणि इथे माझ्या सेव्ह केलेल्या व्हिडिओंचा निकाल लागतो. ते कुणाची चेष्टा करत नाहीत. फार सभ्य आहेत. त्यांनी फक्त मेनिकुचीला पुसून टाकलं आहे. टाइमलॅप्समध्ये गवंडी असतो एक धूसर, भिंतीवरून सरकणारा डाग म्हणून. उशीरच नाही, म्हणून उशीर करणारा माणूसही नाही. जोडपं म्हणतं, आम्ही हे घर उभं केलं. मेल असं एकदाही म्हणू शकत नाही, कारण त्याच्या पुस्तकात दर पानावर दुसरंच कुणीतरी हातोडा घेऊन उभं आहे. त्याच्या हसण्यावर माझा आक्षेप आहे, पण ज्याच्यावर हसायचं तो माणूस निदान पानावर असावा लागतो. म्हणून हे पुस्तक मी वाचायला सांगेन. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून वाचा.

मागच्या महिन्यात कराडला गेले होते. आप्पांचे गुडघे गेलेत, आता ते फक्त देखरेखीची कामं घेतात. रात्री जेवताना मी त्यांना पार्टीची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, हुशार आहे बाई. आप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “पार्टीच्या आधी हिशेब चुकता केला होता का त्यांचा?” मला सांगता आलं नाही.

मग मी त्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मध्येच थांबवायला सांगितला, मागे न्यायला सांगितला. भिंत जिथे उघडी पडली होती तिथे दोन बोटांनी मोठं करून बघितलं.

“दोन फुटांच्या वर आहे,” ते म्हणाले. “चुन्यातली आहे. त्यांना म्हणावं, घाईघाईनं सिमेंट लावू नका.”

“कधीपर्यंत होईल आप्पा असं घर?”

त्यांनी परत स्क्रीनकडे बघितलं. “छप्पर सोडून?” म्हणाले, आणि बोटांवर मोजायला लागले.